कॉलेजचे वर्ष

शीळफाट्यावर कल्याणचा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. सकाळी तिथे कॉलेजात जाणारी मुलेमुली दिसतात.

फाट्याजवळच्या एका घरची ही गोष्ट. आश्विन महिना होता. शेतात भात पिकले होते. बाबा मुलीला म्हणाले, "पोरी, आठ दिवस कॉलेज बुडव. कापणी उरकून घेऊ."

"बाबा, पंधरा दिवसांनी माझी परीक्षा आहे."

"आत्ता कसली परीक्षा? परीक्षा उन्हाळ्यात असते ना?"

मुलीने कॉलेजचे वेळापत्रक आणले. म्हणाली, "आता तुम्हाला वाचता येते. तुम्हीच वाचा."

बाबा एकेक अक्षर लावून वाचू लागले.

शेतकऱ्याचे वर्ष मृगाला सुरू होते. कॉलेजचे वर्षही जूनच्या सुमारास सुरू होते. या वर्षाचे दोन भाग असतात. एका भागाला सत्र म्हणतात. पहिले सत्र साधारण दिवाळीपर्यंत चालते. त्याची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. मग दिवाळीची सुट्टी. त्यानंतर दुसरे सत्र. त्याची परीक्षा मार्च ते मे या काळात होते. मग उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे मोठ्या परीक्षा वर्षात दोनदा!

एका सत्रात सुमारे ९० दिवस शिकवतात. मुंबई विद्यापीठाच्या नियमाने १०० तासांपैकी ७५ तास हजर राहावे लागते. म्हणजे रुपयातले बारा आणे. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसणे अडू शकते.

आईने बोटांवर हिशेब केला. "नव्वदाचा चौथा हिस्सा म्हणजे बावीस दिवस. लावणीला पोरीचे दहा दिवस बुडाले. लग्नकार्यात सहा गेले. झाले सोळा. आणखी आठ म्हणजे चोवीस!"

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभराची मेहनत मीच बुडवत होतो की!"

त्यांनी शेजाऱ्यांशी सावड केली. आज त्यांचे शेत, उद्या यांचे. कापणी वेळेवर झाली. मुलगीही परीक्षेला बसली.

तारखा दरवर्षी बदलतात. म्हणून जूनमध्येच कॉलेजातून नवे वेळापत्रक आणावे. परीक्षेच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहाव्या. लग्नाची तारीख धरताना त्या आधी पाहाव्या. आजारपण आले तर प्राचार्यांना लगेच अर्ज द्यावा.

तुमच्या घरचे कोणी कॉलेजात जाते का? त्याची पुढची परीक्षा कधी आहे? आजच विचारा आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.