पिल्लाआधी त्याची माय

बाई, हळदीच्या गोदामात मांजर व्यालीय आणि दोन पिल्लांचे डोळे चिकटलेत, एवढं तुझ्या बापानं फोनवर सांगितलं. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून गेली. गाई-म्हशींच्या गर्दीत कुणी पिशवीतून मांजर आणलं की लोक हसायचे. तुलाही हसतील, हसू दे.

आधी पिल्लं उचलायची घाई करू नकोस. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात ते उगाच नाही. पोत्यांची हलवाहलव सुरू झाली की ती एकेकाला मानेला धरून दुसरीकडे नेते. निम्मी नेऊन झाली असताना उरलेली आपण बेवारस म्हणून घरी आणतो, आणि ती बिचारी शोधत बसते. लांबून दोन-चार तास नजर ठेव. पोट भरलेलं पिल्लू गप निजतं. एकसारखं केकाटतंय, अंग गार पडलंय, मुंग्या लागल्यात, असं दिसलं तर मात्र लगेच उचल.

गार पिल्लाला दूध पाजायचं नाही. त्याच्या तोंडात बोट घालून बघ. तोंड गार लागलं तर पोटही काम करत नसतं, पाजलेलं दूध तसंच पडून राहतं आणि पिल्लू जातं. बाटलीत गरम पाणी भर, जुन्या लुगड्यात गुंडाळ, खोक्याच्या एकाच बाजूला ठेव. चटका बसला तर त्याला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तर ऊब देण्यापेक्षा पत्र्याखालून काढणंच महत्त्वाचं. गार अंग उबदार झालं की साखरपाण्याचा थेंब हिरडीला चोळ. मग पाजायचं, तेही मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या दूध पावडरीचं दूध. गाई-म्हशीच्या दुधानं त्यांना ढाळ लागते, आणि एवढ्याशा जिवाला एक दिवसाची ढाळ पुरते. तान्ह्या लेकरासारखं उताणं धरून पाजू नकोस, दूध फुप्फुसात जातं. पालथं ठेव, मान किंचित वर, बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मूत-हागही आपल्या आपण होत नाही. माय चाटते म्हणून होतं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं तिथं हलकं पुसायचं. रोज किराणा काट्यावर वजन कर. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर निभावलं समज.

डोळ्यांचं सांगतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ, प्रत्येक डोळ्याला कापसाचा वेगळा बोळा, चिपडं भिजू द्यायची, ओढायची नाहीत. घरात हळद आहे म्हणून ती डोळ्यात घालायची नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं कौतुक आपण बाजारात करू. कुणाचे तरी उरलेले थेंबही नकोत. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा कायमचा जातो. ताप वाटला म्हणून क्रोसिन देऊ नकोस. पॅरासिटामॉल पचवायची सोय मांजराच्या शरीरात नसते, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध आणि फिनेल, दोन्ही लांब ठेव.

उलट्या, घाण वासाचे जुलाब आणि पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं दिसलं तर ते बाकीच्यांपासून तोड आणि डॉक्टर गाठ. तो मांजरांचा पार्व्होसारखा रोग असतो. त्याचे विषाणू जागेवर वर्षभर टिकतात, साबणाला दाद देत नाहीत. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यानं फरशी धू, आणि पूर्ण वाळल्याशिवाय तिथं दुसरं मांजर ठेवू नकोस. तालुक्याच्या दवाखान्यात मांजराची औषधं असतीलच असं नाही, म्हणून आधी फोन कर. अवघड असेल तर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचं. चावलं, ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धू आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घे. चुना-हळद भरू नकोस.

एवढं करून पिल्लं वाचतील. पण त्यांची माय तशीच राहिली तर पावसाळ्यात तू पुन्हा हेच करत बसशील. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते, त्रेसष्ट-पासष्ट दिवसांत व्यायते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडे मांजर मारलं तर काशीला जावं लागतं, म्हणून कुणी मारत नाही. पोत्यात घालून कयाधू नदीच्या पलीकडं सोडून येतात. पाप टळलं म्हणे! जनावराला उपाशी मरायला सोडणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड अजून दहा ते पन्नास रुपये, तेव्हा कायद्याला कोण भितो? आणि सोडून उपयोगही नसतो. गोदामात उंदीर आहेत तोवर रिकाम्या जागी दुसरं मांजर येतंच. संत नामदेवांची नर्सी आपल्याच तालुक्यातली. नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट ऐकून वाटीत दूध ओतणारे पुष्कळ निघतात. ऑपरेशनला नेणारे थोडे.

मुंबई-पुण्याच्या महापालिका मांजरांचं निर्बीजीकरण करतात. सरकारचे २०२३ चे नियम मुख्यतः कुत्र्यांसाठी आहेत, त्यामुळं आपल्या भागात हे तुम्हा चार पोरा-पोरींनाच करावं लागेल. वेळ साधा. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की भाट्या माजावर येतात आणि पाडव्याच्या आसपास, नेमक्या हळद शिजवायच्या धांदलीत, व्यायतात. म्हणून दिवाळी ते संक्रांत हा काळ धरा. रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला घाला, म्हणजे पकडायला सोपं जातं. पिंजरा मिळाला नाही तर टोमॅटोची दोन कॅरेटं तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांध आणि वरून गोणपाट टाक. अंधारात मांजर गप बसतं. आदल्या रात्रीपासून मोठ्या मांजराला खायला नको. भुलीत असतानाच डॉक्टरांना कानाचं टोक सरळ कापायला सांग, म्हणजे पुढच्या वर्षी तिला पुन्हा कुणी पकडणार नाही. ती पाजणारी असेल तर पिल्लं दीड-दोन महिन्यांची होऊन खाऊ लागेपर्यंत थांब. शुद्धीवर आल्यावर एक-दोन दिवस कोरड्या खोलीत ठेव, टाके बघ, आणि जिथून उचलली तिथंच सोड.

बोक्याचं ऑपरेशन सोपं आणि स्वस्त, म्हणून लोक आधी त्यालाच नेतात. पण एक बोका कमी झाला तरी गल्लीतला दुसरा पुरतो. पैसे एकाच जनावरापुरते असतील तर भाटीला ने.