बाधा, संसर्ग, लागण : एका रोगाच्या मराठी शब्दकळेविषयी

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली. तेव्हापासून भित्तिपत्रके, पथनाट्ये व घोषणा यांच्या रूपाने जे प्रबोधनपर वाङ्मय निर्माण झाले, त्यातील काही मोजक्या शब्दांचाच विचार येथे करावयाचा आहे. कारण रोग्याविषयीची घृणा शब्दांच्या आश्रयानेच टिकून राहते.

मराठीने 'बाधित' हे विशेषण आपल्या जुन्या भांडारातून उचलले. परंतु मराठी माणसाला बाधा होते ती भुताखेताची. 'ग्रस्त' या शब्दामागे ग्रहणाची छाया आहे. 'संसर्ग' तर याहून अवघड. धर्मशास्त्राने महापातक्याशी संसर्ग हेच पाचवे महापातक मानले. जो विषाणू स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही, त्याच्या प्रसारास हाच शब्द योजल्यावर श्रोत्याच्या मनात 'शिवू नये' हा अर्थ उमटला, तर नवल कोणते? शेजारच्या कन्नडातील 'सोंकु' या शब्दातही स्पर्श आणि रोगाची लागण हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्या मानाने 'लागण' निष्पाप म्हणावा लागेल; सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी तो उसाच्या संदर्भातही असतो.

याच सांगलीत १९९२ साली 'संग्राम' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये कार्य आरंभिले. निरोध वाटण्याचे व रोगाची माहिती देण्याचे काम त्या स्त्रियांनीच हाती घेतले, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिचे नाव 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. कलकत्त्याच्या सोनागाछीत १९९५ साली स्थापन झालेल्या 'दुर्बार महिला समन्वय समिती'ने मात्र 'यौनकर्मी' हा शब्द स्वीकारला व श्रमिकाच्या प्रतिष्ठेची मागणी केली. बंगालीने नव्या शब्दाची वाट धरली. सांगलीच्या स्त्रियांनी शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द संघटनेच्या नावात मिरविला. प्रस्तुत लेखकास दुसरा मार्ग अधिक धाडसी वाटतो. नवा शब्द कालांतराने जुन्याचा डाग उचलतो. पण ज्यांना उद्देशून शब्द फेकला गेला, त्यांनीच तो आपलासा केला की फेकणाऱ्याच्या हातातील दगड नाहीसा होतो. अर्थात सुशिक्षित श्रोत्यास हे नाव उच्चारताना अवघडल्यासारखे होते. ते अवघडणे त्या नावाच्या कार्याचाच भाग असावे.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्हीविषयक अधिनियमाने भेदभावास बंदी केलीच, शिवाय या व्यक्तींविषयी बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी द्वेष पसरविणेही निषिद्ध ठरविले. औषधोपचाराने विषाणू चाचणीत न आढळण्याइतका दबला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास होत नाही, हेही आज सिद्ध झाले आहे. अशा व्यक्तीस 'बाधित' म्हणत राहणे केवळ वैद्यकीय दृष्टीने पाहिले तरी सैल भाषेचे लक्षण होय. 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' हा पर्याय अचूक आहे, परंतु तो इंग्रजी पदबंधाचे भाषांतर असल्याने बोलीत बेताचाच रुळतो. बोलीस पेलणारा शब्द कदाचित गोकुळनगरसारख्या वस्तीतूनच येईल.