तंबू ठोका, पण पातेऱ्यावर नको

प्रश्न : आम्ही नवरा-बायको जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी बांद्याजवळ तेरेखोल नदीच्या काठी तंबूत राहायचं म्हणतोय. सासूबाई म्हणतात, तिकडे माकडताप असतो. माकडांपासून लांब राहिलं की झालं ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जरूर जा. सासूबाईंची काळजी मात्र अगदीच बिनबुडाची नाही. २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केर गावात आणि २०१७ मध्ये बांदा परिसरात या तापाची साथ आली होती. पण तो माकड चावून होत नाही. माकड बिचारं स्वतःच त्याचा बळी. विषाणू पसरवते गोचीड, त्यातही तिची जेमतेम दिसणारी पिल्लं. ती जंगलातल्या, काजूबागांतल्या पातेऱ्यात, म्हणजे वाळलेल्या पानांच्या थरात असतात आणि डिसेंबर ते मे हाच त्यांचा हंगाम.

म्हणून तंबू झाडाखालच्या पातेऱ्यावर नको. गावातल्या एखाद्या घरी विचारून झाडलेल्या अंगणात ठोका. जेवणाचीही सोय होईल! पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावा. परतल्यावर साबण लावून गरम पाण्याने आंघोळ करा, कपडेही गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

नदी काठावरूनच पाहा. तेरेखोलीत मगरी आहेत.

माणसाकडून माणसाला माकडताप होत नाही. पण परतल्यावर आठवडा-दीड आठवड्यात ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर कुठे राहिला होतात ते डॉक्टरांना आधी सांगा.