गॅलन, पाउंड आणि दादाची पातळ बिअर

सुरुवातीलाच सांगते, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे आनंदी आनंद. वेलांट्यांच्या चुका पोटात घाला. दुसरं म्हणजे या लेखात बिअर आहे, पण ती अमेरिकेत आहे, आणि माझा संबंध फक्त आकडेमोडीपुरता. (आई, वाचते आहेस ना?)

माझा मावसभाऊ तिकडे असतो. १९७८ च्या कायद्यानंतर तिथे घरच्यापुरती बिअर बनवायला केंद्र सरकारची हरकत नाही. आपल्याकडे लायसन्सशिवाय हे चालत नाही, तेव्हा हॉस्टेलवाल्यांनी हुरळून जाऊ नये! दादाला हा छंद लागला आणि मी केमिकलची, म्हणून गणित माझ्या गळ्यात पडलं.

पहिली पायरी म्हणजे मॅश. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात कालवून साधारण ६७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं. माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. माल्ट थंड असतं, म्हणून पाणी थोडं जास्तच तापवावं लागतं. किती जास्त? दादाच्या अमेरिकन पुस्तकातलं सूत्र असं: ०.२ भागिले 'र', गुणिले दोन तापमानांतला फरक, अधिक हवं ते तापमान. 'र' म्हणजे पाणी आणि माल्टचं प्रमाण.

माल्ट ४ किलो, पाणी १२ लिटर, म्हणजे र = ३. माल्ट २५ अंशांवर. उत्तर आलं ६९.८. मी फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं. मॅश जेमतेम ६४ वर येऊन बसला. कमी तापमानाला बीटा-अमायलेज जोरात असतं, ते यीस्टला सहज खाता येईल अशी साखर जास्त करतं. यीस्टने सगळी फस्त केली. बिअर पाण्यासारखी पातळ, आणि दादाने ती मित्रांना बोलावून पाजली!

चूक कुठे होती? ०.२ हा आकडा दिसतो साधा, पण त्याच्या पोटात युनिट लपलेलं आहे. पुस्तकातला 'र' होता क्वार्ट दर पाउंड. माल्टची उष्णताधारकता, वजनाला वजन धरून, पाण्याच्या साधारण ०.४१ पट असते. एक क्वार्ट पाणी सुमारे २ पाउंड भरतं, म्हणून ०.४१ चे झाले ०.२. मेट्रिकमध्ये १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, त्यामुळे ०.४१ तसाच राहतो. नव्याने केलं तर ७२.७ येतात. गंमत म्हणजे फॅरनहाइट की सेल्सिअस याने इथे काहीच बिघडत नाही, कारण सूत्रात फक्त फरक आहे. म्हणून माझं मत मेट्रिकला. आकडा कुठून आला ते तिथे दिसतं तरी.

गॅलनचं तर विचारूच नका. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. पाच गॅलनची इंग्लिश रेसिपी अमेरिकन बादलीत केली, तर २२.७ लिटरचं माल्ट १८.९ लिटरमध्ये जातं. बिअर एक पंचमांशाने कडक!

दादा म्हणतो, दुकानातलं माल्ट पाउंडात मिळतं, रेसिपी पाउंडात, मग मी काय करू? त्याचंही खरं आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये नाही का 'दोन सूत काढ' म्हणतात, आणि पाव इंच बरोबर निघतो. शेवटी तोडगा असा निघाला: खरेदी पाउंडात, पण वहीत पहिल्याच ओळीला सगळं किलो-लिटरमध्ये, आणि गणित त्याच्याखाली.

पुढच्या वेळी मी फोन चालूच ठेवायला लावला. पाणी ७२.७ ला घातलं, ढवळलं. दादा थर्मामीटर वाचत म्हणाला, "साडेसहासष्ट." अर्धा अंश भांड्याने खाल्ला.