मंगळवार, संध्याकाळी पाच

एप्रिल २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. फोन आला तेव्हा मीही पॉझिटिव्ह, खोलीत बंद. ना शेवटचं दर्शन, ना अंत्यविधी. पुढे वर्षभर बँकेतली नोकरी, मुलीची बारावी, वारसाचे कागद, सगळं निभावलं. रडले मात्र नाही. मग एके दिवशी काउंटरवर समोरचे आजोबा खोकत राहिले आणि माझे हात असे थरथरले की नोटा मोजता येईनात. मैत्रीण समुपदेशनाला घेऊन गेली. तिथे तीन वर्षं दर मंगळवारी पाचला गेले. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते.

१. सुरुवातीला काहीच घडत नाहीसं वाटतं. पहिल्या चार-पाच भेटींत समुपदेशक ताई एवढंच विचारायच्या : झोप लागते का, जेवता का, रात्री दचकून जाग आली तर कोणाला हाक मारता? फी वाया चालली असं वाटायचं. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितलेत : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. ताई पहिला टप्पा बांधत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

२. 'शोकाचे पाच टप्पे' कोणी तोंडावर फेकले तर मनावर घेऊ नका. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये ते मांडले ते मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नव्हे.

३. हे सर्वांत महत्त्वाचं. आठव्या महिन्यात ताईंच्या घरी काही अडचण आली आणि त्या दिवशीची भेट ऐनवेळी रद्द झाली. मी दारापर्यंत पोचले होते. त्यानंतर दोन मंगळवार मी गेलेच नाही, फोनही घेतला नाही. तिसऱ्या आठवड्यात गेले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्यावर रागावलात. बरोबरच आहे. निरोप आधी द्यायला हवा होता, माझं चुकलं." मी म्हटलं, "सगळेच न सांगता जातात." आणि मग जे रडू आलं ते थांबेना. ताई हलल्या नाहीत. रुमाल पुढे केला नाही, समजूत घातली नाही, फक्त समोर बसून राहिल्या.

रुग्णालयातल्या कोणीही मला 'चुकलं' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं, आणि म्हणून नातं तुटलं नाही. कार्ल रॉजर्स यांनी १९५७मध्येच मांडलं होतं की बदल घडतो तो उपचारकाचा सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समजून घेणं यांतून. मला ते त्या खुर्चीत बसून पटलं.

४. "विसर आता, पुढे बघ" म्हणणारी माणसं मायेनेच बोलतात, पण त्यांचं ऐकू नका. यांच्या तपकिरी कोल्हापुरी चपला वर्षभर दारात तशाच होत्या. डाव्या पायाचा अंगठा जास्त झिजलेला. जाऊबाई म्हणाल्या, टाकून दे. ताईंनी विचारलं, "त्या तिथे असल्या की काय वाटतं?" मी म्हटलं, घरात कोणीतरी आहे असं वाटतं. पुढे मी स्वतःच त्या कपाटात ठेवल्या. गेलेल्या माणसाशी नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, हे आता शोकाचे अभ्यासकही मानतात.

५. ताईंनीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. सहा महिने गोळ्या घेतल्या. त्यात कमीपणा नाही.

६. पहिलीच व्यक्ती जुळेल असं नाही. तीन-चार भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, हवं तर दुसरीकडे जा.

आणि फी परवडत नसेल, जवळपास कोणी नसेल, तर सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. एकदा फोन लावाच.