उदास आठवडा आणि कृतज्ञतेची नोंद

आकाश आठवडाभर झाकोळलेले राहिले, की पुष्कळांच्या मनावरही मळभ येते. अशा वेळी झालेली गैरसोय ध्यानात राहते आणि मिळालेले साहाय्य विस्मरणात जाते. संकटाकडे मनाचे लक्ष चटकन वेधले जाते. नित्याच्या सुखाची मात्र त्यास सवय होऊन जाते.

ही दृष्टी सरावाने पालटते काय? रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याविषयीचे प्रयोग २००३ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. दर आठवड्यास पहिल्या गटाने कृतज्ञता वाटावी अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तर तिसऱ्याने केवळ घडलेल्या घटना. सुमारे दहा आठवड्यांच्या या उपक्रमात पहिला गट आपल्या जीवनाविषयी अधिक समाधानी व पुढील आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळला. पुढे अनेक प्रयोगांचा एकत्र विचार केला असता हा परिणाम सर्वसाधारणपणे अल्पच असल्याचे दिसून आले.

नोंद करावयाची ती नेमकी असावी. ‘सर्व ठीक आहे’ असे न लिहिता ‘भर पावसात शेजाऱ्याने औषध आणून दिले’ असे लिहावे. दुःख नाकारणे हा तिचा हेतू नाही. दुःखासोबत जे चांगले घडले, तेही दृष्टीस पडावे इतकाच आहे.

उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अथवा झोप व भूक बिघडली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. असा आजार म्हणजे कृतघ्नता नव्हे, आणि केवळ वहीतील नोंदींनी तो बरा होईल अशी अपेक्षाही धरू नये.