आधी रेंज पारखा, मग पिस्तूल

नेमबाजी शिकायची म्हणणाऱ्या बायका मला बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतात, "कुठलं पिस्तूल घेऊ?" मी सांगते, तूर्त काहीच घेऊ नका. आधी दोन-तीन रेंजवर जा, मागच्या खुर्चीत बसून तासभर नुसतं बघा. नवख्या मुलीच्या हातात पिस्तूल देण्याआधी तिथले सर किंवा मॅडम तिला काय सांगतात, तेवढंच बघा.

मी चाळिशीत १० मीटर एअर पिस्तूल शिकायला गेले. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. अशा नेमबाज घडवणाऱ्या आपल्या राज्यात शिकवणारे धडच असणार, असं कुणालाही वाटेल. घराजवळच्या एका इमारतीच्या तळघरात अकादमी होती. सहा महिन्यांची फी आगाऊ, आणि पहिल्याच दिवशी हातात पिस्तूल. फोटोही काढून झाला. नियम मात्र कुणी सांगितले नाहीत.

एका संध्याकाळी शेजारच्या लेनवरच्या कॉलेजच्या मुलीचं पिस्तूल अडलं. "सर, हे चालत नाहीये," म्हणत ती पिस्तुलासकट मागे वळली. बोट ट्रिगरवरच होतं. नळी माझ्या पोटावरून फिरत मागच्या बाकड्यावर आईची वाट बघत बसलेल्या लहान मुलाकडे गेली. सरांनी पिस्तूल घेतलं, लिव्हर उघडली, तर आत छर्रा भरलेला. ते हसले आणि "होतं असं" म्हणून पिस्तूल तिला परत दिलं. मी त्या दिवसापासून तिथे गेले नाही. फी परत मिळाली नाही, ती मिळणारही नव्हती. एअर पिस्तुलाला खेळणं समजणाऱ्यांना माहीत नसतं की ४.५ मिलिमीटरचा तो छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. त्याने डोळा जातो.

नंतर ज्या रेंजवर गेले, तिथे सुरुवातीला पिस्तुलाला हात लावू दिला नाही. नियम पाठ करून घेतले. नळी कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. अडचण आली तर पिस्तूल रोखलेलंच ठेवायचं, वळायचं नाही, दुसरा हात वर करायचा. टेबलावर ठेवलेल्या पिस्तुलाच्या नळीत, ते रिकामं असल्याची खूण म्हणून, रंगीत सेफ्टी फ्लॅग हवाच. कुणी लक्ष्याकडे चालत गेलं असेल तर बाकीच्यांनी शस्त्राला हात लावायचा नाही. हे सगळं तुम्ही न विचारता तुम्हाला सांगितलं गेलं, तर ती जागा बरी. विचारल्यावरही टोलवाटोलवी झाली, तर निघा.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची. स्टॅन्स किंवा ग्रिप दुरुस्त करताना प्रशिक्षकाला कधीकधी हात लावावा लागतो. चांगला प्रशिक्षक आधी तोंडाने सांगतो, स्वतः उभं राहून दाखवतो आणि तरीही जमलं नाही तर विचारून मनगट किंवा खांदा सरळ करतो. न विचारता कंबरेला हात घालणं हा शिकवण्याचा भाग नाही. तिथे संकोच करू नका, तोंडावर सांगा.

पहिल्या अकादमीने मला खांद्याचं दुखणंही दिलं. हात जितका वेळ उचलून धराल तितकी ताकद येईल, असं तिथलं शास्त्र होतं. खांद्याचा स्नायूबंध सुजला, रात्री कुशीवर वळवेना, फिजिओथेरपी करावी लागली. खरी पद्धत वेगळी आहे. हात लक्ष्यावर स्थिरावला की पुढच्या काही सेकंदांत शॉट सुटायला हवा. नाही सुटला तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. होल्डिंग, म्हणजे हात रोखून धरणं, हळूहळू वाढवायचं, दोन्ही खांद्यांचा आणि पाठीचा व्यायाम सोबत करायचा. २०१८ पासून बायकांच्या सामन्यातही पुरुषांइतकेच, ६० शॉट असतात. आधी ४० होते. घाईने कमावलेला खांदा तिथवर टिकत नाही.

पिस्तुलाची लाकडी मूठ स्मॉल, मीडियम, लार्ज अशी येते. क्लबचं पिस्तूल बहुधा पुरुषाच्या पंजाच्या मापाचं असतं. मग बोट ट्रिगरपर्यंत ताणावं लागतं, ट्रिगर तिरका ओढला जातो आणि शॉट सतत एकाच बाजूला जातात. दोष नजरेचा समजून मुली रडकुंडीला येतात. आधी मूठ बदलून बघा. प्रभावी डोळा कुठला, तेही पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या: दोन्ही हातांच्या पंजांनी छोटी खिडकी करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची वस्तू त्यातून बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवरच दिसते, तो तुमचा. चाळिशीचा चष्मा असेल तर डोळ्यापासून नळीच्या टोकावरच्या फ्रंट साईटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि ते चष्मेवाल्याला सांगा. फ्रंट साईट रेखीव दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं. आणि स्पर्धेला जाल तेव्हा पिस्तूल धरणाऱ्या हातातल्या बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. मनगटाला आधार मिळतो म्हणून नियमाने त्याला मनाई आहे.

काही जणी स्वसंरक्षणासाठी येतात. त्यांना स्पष्ट सांगायला हवं. या खेळात तुम्ही निश्चल उभ्या राहून १० मीटरवरचं ठरलेलं लक्ष्य टिपता. रस्त्यात कुणी अंगावर आलं तर करायच्या गोष्टी त्यात नसतात. ०.१७७ इंची आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून ते पर्समध्ये घालून फिरू नका. समोरच्याला ते खरं वाटलं तर जीव तुमचाच धोक्यात येतो. घरीही ते कुलपात, पेलेट, म्हणजे छर्रे, वेगळ्या कपाटात.

वय झालं म्हणून मागे फिरू नका. जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे १९८८ मध्ये सोलला ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्या आणि २०२४ मध्ये पॅरिसला, पंचावन्नाव्या वर्षी, आपल्या दहाव्या ऑलिंपिकमध्ये उभ्या राहिल्या.

पिस्तूल घ्यायची वेळ आली की बऱ्याच जणी जुनं बघतात, कारण नवं परदेशी पिस्तूल महाग असतं. जुनं घ्यायला हरकत नाही, पण पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते आणि वापराची मुदत साधारण दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर विकणारा कितीही ओळखीचा असला तरी घेऊ नका.

पेलेट शिशाचे असतात. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका, लेनवर चहा-बिस्किटं नकोत, आणि रेंजवर हवा खेळती आहे का ते बघा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करत असाल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना शिशाबद्दल नीट सांगा. ते थांबा म्हणाले, तर तेवढे महिने थांबा.